पेटाफ्लॉपच्या बातमीत न येणारी ओळ: ‘परमिशन डिनाइड’

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे राष्ट्रार्पण झाले. सुमारे १३० कोटी रुपये खर्चून, राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली देशातच उभारलेली ही यंत्रणा पुण्यात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी, दिल्लीत आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रासाठी आणि कोलकात्यात सत्येंद्रनाथ बोस मूलभूत विज्ञान केंद्रासाठी आहे. बातम्यांत वेगाचे आकडे आले, छायाचित्रे आली. अशा बातमीचा आनंद मानावा, यात शंका नाही. मात्र देशातील बहुसंख्य संशोधक विद्यार्थ्यांचा संगणनाशी येणारा रोजचा संबंध पेटाफ्लॉपशी नसतो. तो असतो प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील एका सामायिक साठवण-सर्व्हरशी, आणि सकाळी दहा वाजता काळ्या पडद्यावर उमटणाऱ्या एका ओळीशी: माउंट एरर १३, परमिशन डिनाइड.

ही ओळ क्षुल्लक वाटते. तिच्यापायी जाणारे दिवस कोणत्याही अहवालात नोंदले जात नाहीत, आणि तिच्यावर घाईने केलेल्या उपायांनी होणारे नुकसान तर कळतही नाही, किंवा फार उशिरा कळते. भारतीय विज्ञानाच्या चर्चेत या विषयाला जागा मिळायला हवी, असे म्हणण्याचे कारण हेच.

दुसऱ्या संगणकावरील फोल्डर आपल्या संगणकाच्या फाइलवृक्षात, जणू ते तेथेच आहे अशा रीतीने बसवणे, याला माउंट करणे म्हणतात. युनिक्स-लिनक्सच्या जगात हे काम मुख्यतः एनएफएस करते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९८४ च्या सुमारास तिचा जन्म झाला. विंडोजच्या जगात तेच काम एसएमबी करते. तिचे मूळ आयबीएममध्ये, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात. या दोन जगांमधील पूल म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ मध्ये, तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून, तो बांधायला घेतला. आज भारतातील बहुतेक प्रयोगशाळांत या तिघांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र नांदतात: उपकरणाशेजारी विंडोज, गणनेसाठी लिनक्स, मध्ये कुठेतरी सांबा. जेथे दोन भाषा भेटतात तेथे गैरसमज होणारच.

गैरसमजाची पहिली जबाबदारी संदेशांवरच आहे. लिनक्सवर विंडोजचे फोल्डर जोडू पाहणाऱ्या नवख्याला सर्वप्रथम भेटणारा संदेश असा: फाइलप्रणालीचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब. ‘सुपरब्लॉक खराब’ हे शब्द वाचून विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. डिस्क गेली, तीन वर्षांचे काम गेले, असे वाटून काही जण डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा चालवण्यापर्यंत जातात. वास्तविक दहापैकी बहुतेक वेळा एवढेच झालेले असते की त्याच्या संगणकावर ‘सिफ्स-युटिल्स’ किंवा ‘एनएफएस-कॉमन’ हे छोटे साहाय्यक पॅकेज बसवलेलेच नसते. डिस्क दुसऱ्या इमारतीत सुखरूप असते. तिच्यापर्यंत निरोपही गेलेला नसतो.

संदेश इतका भोंगळ का? कारण जुना आहे. युनिक्सच्या पहिल्या काळापासून कर्नल चूक सांगताना केवळ एक लहानसा आकडा परत करते: २ म्हणजे असे काही नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, ११० म्हणजे वेळ संपली, ११२ म्हणजे यजमान बंद, ११६ म्हणजे हातातील खूण शिळी झाली. एका डिस्कच्या, एका संगणकाच्या काळात एवढी शब्दसंपत्ती पुरेशी होती. नेटवर्कवरून जोडणी करताना मात्र नाव शोधणे, रस्ता मिळणे, दार उघडे असणे, बोलीवर एकमत होणे, ओळख पटणे, त्या ओळखीला त्या फोल्डरचा अधिकार असणे अशा सहा-सात पायऱ्या असतात, आणि त्यांपैकी कोठेही ठेच लागली तरी ती याच मूठभर आकड्यांत कोंबावी लागते. जणू एखाद्या वैद्याला सर्व रोगांचे निदान ‘ताप’, ‘दुखणे’ आणि ‘अशक्तपणा’ या तीन शब्दांतच लिहिण्याची सक्ती असावी. २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीत माउंट करण्याची नवी रचना आली आणि कर्नलला सविस्तर वाक्यात कारण सांगण्याची सोय झाली. पण जुन्या सवयी आणि जुनी यंत्रे यांच्यामुळे प्रयोगशाळेतील माणसाला आजही बहुधा आकडाच दिसतो. खरे कारण कर्नलच्या नोंदवहीत, म्हणजे ‘डीमेसेज’च्या अखेरच्या चार ओळींत असते. ती वही उघडण्याची सवय किती जणांना असते?

सवय असते ती संदेश शोधयंत्रात टाकून पहिले उत्तर उतरवून घेण्याची. विद्यार्थ्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नसतो. परंतु या उत्तरांचा एक विशिष्ट स्वभाव आहे आणि तो ओळखायला हवा. ‘फायरवॉल बंद करा.’ ‘एसईलिनक्स बंद करा.’ ‘सर्व फोल्डरांना ७७७ परवानगी द्या.’ ‘व्हर्स=१.० लिहा.’ चारही उपायांनी संदेश अनेकदा खरोखरच नाहीसा होतो. घरातील धूरसूचक वाजू लागल्यावर त्याची बॅटरी काढून ठेवण्यासारखे हे उपाय आहेत, आणि त्यांतील चौथ्या उपायाची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

एसएमबीची पहिली आवृत्ती विश्वासू शेजाऱ्यांच्या काळातली. मायक्रोसॉफ्टच्याच तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ती वापरणे थांबवा असे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. १४ मार्च २०१७ रोजी तिच्यातील एका गंभीर छिद्रावर दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच छिद्रातून जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांपर्यंत तो पोहोचल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी दुरुस्ती बसवली होती ते वाचले.

त्यानंतर सर्वांनी ही जुनी बोली सोडायला सुरुवात केली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीने ती न बोलण्याचे ठरवले, त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ती मुळात बसवणेच बंद झाले, आणि २०१९ मध्ये सांबानेही तिला डीफॉल्टमधून वगळले. परिणाम असा की प्रयोगशाळेतील संगणक अद्ययावत केल्याच्या दुसऱ्या दिवशी जुने साठवण-यंत्र ‘नाहीसे’ झाले आणि पडद्यावर आले: एरर ११२, होस्ट इज डाउन. यजमान तर समोर टेबलावर दिवे मिचकावत असतो, पिंगला उत्तरही देतो! प्रत्यक्षात नव्या संगणकाने नव्या बोलीत नमस्कार केला, जुन्याला तो कळला नाही आणि त्याने फोन ठेवून दिला. फोन ठेवणे आणि घरी नसणे यांतला फरक सांगायला आकड्यांच्या त्या भाषेत शब्द नाही.

‘व्हर्स=१.०’ हा जादूचा मंत्र येथे कामी येतो आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. पण मंत्राने उघडलेले दार कोणते, हे जाणून घेतल्यावर त्याचा उच्चार जपून व्हावा. येथे एक खरी अडचणही मान्य करायला हवी. देशातील अनेक विभागांत क्ष-किरण विवर्तनमापी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी किंवा एनएमआर यांसारखी लाखो-कोट्यवधींची उपकरणे आजही विंडोज एक्सपीवर चालतात. त्या प्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला, आणि ती जुन्या बोलीखेरीज दुसरी बोली जाणतच नाही. उपकरण उत्तम, त्याचे सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर, नवे घ्यायला निधी नाही. ‘एक्सपी फेकून द्या’ हा सल्ला देणाऱ्याने निविदाप्रक्रिया कधी पाहिलेली नसावी. समंजस मार्ग मधला आहे: दोन नेटवर्क कार्डे असलेला एक साधा लिनक्स संगणक मध्ये ठेवावा, त्याने एका बाजूला फक्त त्या उपकरणाशी जुन्या बोलीत बोलावे, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या नेटवर्कशी नव्या बोलीत, आणि उपकरणाला बाहेरची वाट असूच नये. हा उपाय नवीनही नाही आणि महागही नाही. भंगारात निघालेल्या संगणकावर होतो. तरीही तो क्वचित दिसतो, कारण त्यासाठी अर्धा दिवस विचार करणारा माणूस लागतो, आणि तो माणूस कोणाच्याही पदसूचीत नसतो.

दोषाचा शोध घेण्याची रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नसावी, कारण ती प्रयोगाचीच रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासावी. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकून जोडणी झाली, तर दोष नावे शोधणाऱ्या यंत्रणेत आहे. एनएफएससाठी २०४९ आणि एसएमबीसाठी ४४५ क्रमांकाचे दार उघडे आहे का, हे पाहिल्यावर फायरवॉलचा प्रश्न हो किंवा नाही असा निकालात निघतो. ती सरसकट बंद करण्याची गरज उरत नाही. ओळख पटत नसेल तर पासवर्ड पाहावा. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर माउंटची आज्ञा त्याला दोन पर्यायांमधले विरामचिन्ह समजते आणि अर्धाच पासवर्ड पाठवते; १३ क्रमांकाच्या कित्येक चुकांचे मूळ इतके बारीक असते. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, ती फक्त मालकाला वाचता यावी, म्हणजे हा दोषही टळतो आणि सर्वांना वाचता येणाऱ्या ‘एफएसटॅब’मध्ये तो उघडाही पडत नाही. विंडोजवर १२१९ ही चूक आली तर त्याचा अर्थ असा की त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच एक जोडणी चालू आहे. पासवर्ड शंभर वेळा टाकून उपयोग नाही, जुनी जोडणी तोडावी लागते. ५३ म्हणजे सर्व्हरचा रस्ताच सापडला नाही. ६७ म्हणजे बहुधा सर्व्हर सापडला, पण त्या नावाचे फोल्डर नाही.

कधी दोष घड्याळातही असतो. केर्बेरॉस या ओळखपद्धतीत दोन संगणकांच्या वेळेत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेला संगणक वीज गेल्यानंतर भलत्याच वर्षात जागा होतो आणि मग त्याचा अचूक पासवर्डही नाकारला जातो. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते आणि ती नेटवर्कवरून उपलब्धही करून देते. तिच्याशी घड्याळ जुळवणे हे दोन ओळींचे काम आहे.

एनएफएसच्या सर्व्हरवरील ‘एक्सपोर्ट्स’ या फाइलचे एक उदाहरण प्रत्येक वर्गात सांगितले जावे असे आहे. कोणाला कोणते फोल्डर द्यायचे ते त्या फाइलमध्ये एका ओळीत लिहितात: फोल्डर, मग संगणकाचे नाव, आणि त्याला चिकटून कंसात ‘आरडब्ल्यू’, म्हणजे वाचा आणि लिहा. नाव आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर ओळीचा अर्थ पूर्ण बदलतो. ज्याला लिहिण्याची परवानगी द्यायची होती त्याला फक्त वाचता येते, आणि लिहिण्याची परवानगी मिळते ती जगातल्या प्रत्येकाला. ज्याच्यासाठी ओळ लिहिली तो तक्रार करतो की लिहिता येत नाही. मग कोणीतरी ७७७ चा उपाय करतो, काम सुरू होते, आणि उघडे दार वर्षानुवर्षे उघडेच राहते. मराठी शुद्धलेखनात शब्द तोडून लिहिल्याने अर्थ बिघडतो हे शाळेत शिकवतात. येथे त्याच चुकीने कुलूप निघते.

परवानगीचा आणखी एक पेच ओळखीचा आहे. एनएफएसची साधी, प्रचलित पद्धत वापरकर्त्याचे नाव पाठवतच नाही, फक्त त्याचा क्रमांक पाठवते. प्रत्येक लिनक्स संगणकावर पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हा क्रमांक मिळतो. म्हणजे एका खोलीत दहा विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे दहा संगणक मांडले, तर सर्व्हरच्या दृष्टीने ते दहाही जण एकच व्यक्ती! एकाने दुसऱ्याची विदा पुसली तरी सर्व्हरला त्यात काही वावगे दिसणार नाही. उलट जुन्या रेड हॅटवर क्रमांक ५०० पासून सुरू होत. सहाव्या आवृत्तीवरून सातव्या आवृत्तीवर गेलेल्या संशोधकाला स्वतःच्याच फाइली परक्या वाटू लागतात. सोळांहून अधिक गटांचे सदस्यत्व असलेल्या प्राध्यापकांना कधी कधी काही फोल्डर उघडत नाहीत, कारण या पद्धतीच्या संदेशात सोळाच गटांना जागा आहे. ज्येष्ठतेचा हा दंड गमतीचा असला, तरी त्याचे निदान करताना भल्याभल्यांची दमछाक होते.

आतापर्यंतच्या सर्व चुका बोलक्या आहेत. त्या काम अडवतात, पण अडवल्याचे सांगतात. खरा धोका मुक्या चुकांचा असतो.

वीजपुरवठा खंडित होणे ही भारतीय प्रयोगशाळेतील नित्याची गोष्ट. वीज परत येते तेव्हा सर्व यंत्रे एकाच वेळी जागी होतात. गणनेचा संगणक अर्ध्या मिनिटात तयार होतो. अनेक डिस्क असलेल्या सर्व्हरला स्वतःची तपासणी करायला कित्येक मिनिटे लागतात, मधल्या स्विचलाही वेळ लागतो. संगणक सर्व्हरला हाक मारतो, उत्तर येत नाही. संगणक सुरूच होत नाही म्हणून पूर्वी कोणीतरी वैतागून ‘नोफेल’ हा पर्याय लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे जोडणीविनाच काम सुरू होते. जेथे सर्व्हरचे फोल्डर दिसायचे तेथे आता त्याच नावाचे स्थानिक, रिकामे फोल्डर असते. रात्री दोन वाजता प्रतिलिपी घेणारी आज्ञा चालते. तिला फोल्डर सापडते, ती त्यात सर्व काही लिहिते आणि ‘यशस्वी’ अशी नोंद करते. प्रतिलिपी मात्र मूळ विदेच्याच डिस्कवर पडलेली असते.

पुढे कधीतरी कोणी हाताने जोडणी करतो, तेव्हा सर्व्हरचे फोल्डर त्या स्थानिक फोल्डरावर चादरीसारखे पसरते आणि खालचे सारे झाकले जाते. विद्यार्थिनीला वाटते, गेल्या महिन्याच्या मोजमापांच्या फाइली नाहीशा झाल्या. डिस्क भरल्याचे एक आज्ञा सांगते, पण ती कशाने भरली हे दुसऱ्या आज्ञेला सापडत नाही, कारण ती चादरीखाली पाहत नाही. या अवस्थेत घाबरून डिस्क पुन्हा फॉरमॅट केली तर गोष्ट संपते. आणि मूळ डिस्कच निकामी झाली, तर ज्या प्रतिलिपीवर भरवसा होता तीही तिच्याबरोबर जाते. पाच वर्षांच्या पीएच.डी.मधील शेवटच्या वर्षात हे घडले तर त्या संशोधनाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

उपाय दोन मिनिटांचे आहेत. लिहिण्यापूर्वी ते ठिकाण खरोखर जोडलेले आहे का, हे ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने तपासावे आणि नसेल तर थांबावे. जोडणीच्या जागेचे रिकामे फोल्डर अपरिवर्तनीय करून ठेवावे, म्हणजे जोडणी नसताना त्यात कोणालाच लिहिता येणार नाही आणि चूक मोठ्याने ओरडेल. पहिल्या वापराच्या क्षणी आपोआप जोडणी करणारी सिस्टिमडीची सोय वापरावी. हे तिन्ही उपाय मोफत आहेत.

याच जातीची दुसरी निवड म्हणजे ‘हार्ड’ की ‘सॉफ्ट’. एनएफएसच्या मूळ रचनाकारांनी सर्व्हरला विसराळू ठेवले होते: कोणाची कोणती फाइल उघडी आहे हे तो लक्षात ठेवत नसे, त्यामुळे तो कोसळून पुन्हा उठला तरी ग्राहकाला फक्त थोडा विलंब जाणवे. हार्ड जोडणीत ग्राहक सर्व्हर परत येईपर्यंत अनंतकाळ थांबतो. पडदा गोठतो, साधी डिस्क पाहण्याची आज्ञाही अडकते, विद्यार्थी चिडतो. मग महाजालावरचा सल्ला येतो: सॉफ्ट करा. सॉफ्ट जोडणीत काही काळाने चूक परत येते आणि पडदा मोकळा होतो. पण विश्लेषणाचा जो प्रोग्राम लिहिल्यानंतर आणि फाइल बंद करताना यश तपासत नाही, आणि घरी लिहिलेले कितीतरी प्रोग्राम ते तपासत नाहीत, त्याच्या फाइलीत मधला तुकडा गहाळ राहतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. आलेख मात्र निघतो. विदा लिहिण्यासाठी गोठलेला पडदा हा मोकळ्या पडद्यापेक्षा प्रामाणिक असतो, एवढे तरी प्रत्येक मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला सांगावे.

मराठी वाचकांसाठी एक आडवाटेची नोंद. विंडोजच्या सामायिक फोल्डरातील देवनागरी नावे लिनक्सवर प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसली, तर जोडताना अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे सांगावे लागते. लिनक्सच्या प्रचलित फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे ८५ चिन्हांनंतर नाव संपते. प्रबंधाचे संपूर्ण शीर्षक फाइलला देणाऱ्यांना ते विंडोजवर चालते आणि सर्व्हरवर चढत नाही, याचे कारण हे. सर्वांत सूक्ष्म गोष्ट ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये हे अक्षर एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ती दोन वेगळी नावे. जुन्या मॅकची फाइलप्रणाली नावे सुटी करून ठेवत असे, लिनक्स जशी येतील तशी ठेवते. मॅकवरून एनएफएसने जोडताना नावे जोडरूपात पाठवण्याचा वेगळा पर्याय याचसाठी आहे. इंग्रजी नावांच्या जगात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर इंग्रजीतील तयार उत्तरांत शोधत बसणाऱ्याला ते सहजासहजी सापडत नाही.

या सर्वांवर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो हलका नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्र करावे. सर्व्हर सांभाळणे हे त्याचे काम का असावे? तत्त्वतः ते त्याचे काम नसावेच. संस्थेत त्यासाठी प्रशिक्षित, सन्मानाने नेमलेला आणि बढतीची वाट असलेला माणूस हवा. पण यंत्रखरेदीचा निधी भांडवली खर्चातून सहज मंजूर होतो आणि माणसाचे पद मात्र कंत्राटी, अकरा महिन्यांचे किंवा ‘विभागातीलच कोणीतरी पाहील’ या स्वरूपाचे राहते. विभागातील ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा दुसऱ्या वर्षाचा एखादा हौशी विद्यार्थी. तो पदवी घेऊन जातो तेव्हा पासवर्ड, सर्व्हरची रचना आणि ‘हे असे का केले’ याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. महासंगणन अभियानाने मनुष्यबळाचा विचार केला आहे, हे नमूद करायला हवे: खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड येथील आयआयटींमध्ये त्यासाठी प्रशिक्षणकेंद्रे आहेत. तेथील भर स्वाभाविकपणे समांतर गणन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील चार संगणक आणि एक साठवण-यंत्र त्या कक्षेत येत नाही.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही. सर्व्हर सांभाळणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम नसेल, पण आपली विदा या क्षणी कोठे लिहिली जात आहे हे जाणणे त्याचेच काम आहे. तराजूचे अंशांकन तंत्रज्ञ करतो म्हणून तराजू शून्यावर आहे का हे न पाहता वजन घेणारा विद्यार्थी कोणत्याही परीक्षकाला चालत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एका संदेशात विनोदाने म्हटले होते की, अस्तित्वातच आहे हे ठाऊक नसलेला एखादा संगणक बंद पडल्यामुळे आपला संगणक निरुपयोगी होतो, तेव्हा ती विकीर्ण संगणकप्रणाली समजावी. चाळीस वर्षांनंतर प्रत्येक संशोधक अशाच प्रणालीत बसून काम करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा भाग अनिवार्य आहे. खोटी विदा रचू नये हे तेथे शिकवले जाते. खरी विदा हरवू नये हे शिकवण्यासाठी त्याच तासांतील एक दुपार पुरेल. खोलीत दोन जुने संगणक आणि एक स्विच ठेवावा. शिक्षकाने आधीच एकच दोष पेरून ठेवावा: कधी घड्याळ चुकवावे, कधी दार बंद करावे, कधी एक्सपोर्ट्सच्या ओळीत ती एक मोकळी जागा सोडावी, कधी जोडणी गुपचूप काढून टाकावी आणि प्रतिलिपीची आज्ञा तशीच चालू द्यावी. विद्यार्थ्यांनी महाजालाशिवाय, केवळ नोंदवही वाचून, एकेक शक्यता खोडत कारण शोधावे आणि प्रत्येक पायरी प्रयोगवहीत लिहावी. गुण दोष दुरुस्त केल्याला नसावेत, निदानाला असावेत. आणि ७७७ लिहिणाऱ्याला शून्य.